पडद्यावरचा स्फोट: उजेड भरपूर, दणका बेताचा

२९ जून २०१५ रोजी मोरोक्कोतल्या अर्फूद या वाळवंटी गावाजवळ ‘स्पेक्टर’ या बाँडपटासाठी एक स्फोट घडवण्यात आला. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख ख्रिस कॉरबोल्ड यांच्या पथकाने त्यासाठी ८,४१८ लिटर केरोसीन आणि ३३ किलो स्फोटके वापरली, आग साडेसात सेकंदांहून अधिक काळ टिकली आणि चित्रपटासाठी घडवलेला सर्वांत मोठा स्फोट म्हणून गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. त्या नोंदीत स्फोटाची एकूण ऊर्जा ६८.४७ टन टीएनटीइतकी दिलेली आहे, आणि नेमका हाच आकडा वाचून गैरसमज होण्याचा संभव अधिक. खरोखरच एवढे टीएनटी तिथे उडवले असते, तर दोन कलाकारांना कॅमेऱ्यासमोर उभे करून मागे तो देखावा दाखवण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता.

मग हे ६८ टन आले कुठून? हिशोब सोपा आहे. एक लिटर केरोसीन पूर्ण जळाले की साधारण ३५ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. ८,४१८ लिटरचे झाले जवळपास २ लाख ९५ हजार मेगाज्यूल. एक टन टीएनटीची ऊर्जा संकेताने ४,१८४ मेगाज्यूल धरतात, त्यामुळे भागाकार सत्तरच्या आसपास येतो. म्हणजे विक्रमातली जवळजवळ सगळी ऊर्जा केरोसीनची आहे. त्या ३३ किलो स्फोटकांचा वाटा दोन हजारांत एक एवढाही भरत नाही. स्फोटकांचे काम केरोसीन हवेत उधळणे आणि पेटवणे एवढेच होते. थोडक्यात, पडद्यावर ज्याला आपण स्फोट म्हणतो ती बहुतेक वेळा मोठ्या कौशल्याने हवेत फेकलेली आग असते.

किलोमागे ऊर्जा मोजली तर पेट्रोल किंवा केरोसीन टीएनटीच्या दहापट सरस ठरते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे कारण प्राणवायूत आहे. टीएनटीसारख्या स्फोटकाच्या रेणूतच इंधन आणि प्राणवायू शेजारी शेजारी बांधलेले असतात, त्यामुळे त्याला बाहेरून काहीही लागत नाही, पण स्वतःचा प्राणवायू वाहून नेण्यात त्याचे बरेचसे वजन खर्ची पडते. पेट्रोल हा भार उचलत नाही. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १५ किलो, म्हणजे बारा-तेरा घनमीटर हवा लागते, आणि ती सभोवतालून फुकट मिळते. मात्र ही हवा इंधनापर्यंत पोहोचायला आणि त्यात मिसळायला वेळ लागतो, आणि या वेळातच सगळी मेख आहे.

टीएनटीमध्ये रासायनिक क्रिया ज्या वेगाने पुढे सरकते तो वेग सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या वीसपट असतो. तिच्या अग्रभागी दोन लाख वातावरणांच्या घरातला दाब निर्माण होतो आणि त्याची आघातलहर आसपासच्या हवेत शिरते. या प्रकाराला डेटोनेशन म्हणतात. जुन्या बंदुकीच्या दारूसारखे पदार्थ मात्र ध्वनीपेक्षा कमी वेगाने पेटत जातात, ते डिफ्लॅग्रेशन. बंदिस्त जागेत त्यांचाही दणका बसतो, पण उघड्यावर ते नुसतेच भपकन जळतात. दिवाळीतला सुतळी बॉम्ब आणि भुईनळा डोळ्यांसमोर आणले तर फरक लगेच कळतो: पहिला कानाला कळतो आणि संपतो, दुसरा पाहत राहता येतो. चित्रपटाला भुईनळा हवा असतो.

याला कॅमेऱ्याचीही साक्ष आहे. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम टिपल्या जातात आणि पारंपरिक कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतेच, म्हणजे एका सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागापुरतेच शटर उघडे असते. तेवढ्या वेळात टीएनटीतली स्फोटलहर १४० मीटरहून अधिक अंतर कापेल. काही किलोंचा स्फोटकाचा गठ्ठा त्यामुळे एका फ्रेमच्या अल्पशा अंशात संपूर्ण उडून जातो, आणि नेमके त्या क्षणी शटर मिटलेले असेल तर लखलखाट फिल्मवर येतच नाही. पुढच्या फ्रेममध्ये दिसते ती उडालेली धूळ. प्रत्यक्ष युद्धातल्या चित्रणात हातबॉम्ब किंवा तोफगोळा फुटताना आगीचा लोळ क्वचितच दिसतो, करड्या मातीचा एक फवारा तेवढा दिसतो, त्याचे कारण हेच. पडद्यावर मात्र साधा हातबॉम्ब फुटला तरी घराएवढी नारिंगी ज्वाळा उसळते. शास्त्राच्या दृष्टीने हे साफ चूक आहे, पण प्रेक्षकांच्या तीन-चार पिढ्यांना आता स्फोट म्हटला की तसाच हवा असतो, आणि तंत्रज्ञांच्या दृष्टीने ही चूक फार सोयीची आहे, कारण माणसाला इजा करणारा दाब आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येतात आणि दाब शक्य तितका कमी ठेवून प्रकाश हवा तेवढा वाढवता येतो.

ही फारकत घडवण्याचे नेहमीचे साधन म्हणजे जाड पोलादाचे, वरच्या बाजूने उघडे असे भांडे, ज्याला या धंद्यात मॉर्टर म्हणतात. भांड्याच्या आकारावरून आगीचा आकार ठरतो: अरुंद नळकांड्यातून उंच खांब उठतो, पसरट भांड्यातून रुंद गोळा. इंधन नुसते पेटवले तर त्याच्या पृष्ठभागावर एखाद्या कढईसारखी आग लागून राहील. ते आधी बारीक थेंबांत विखुरले पाहिजे, कारण थेंब जितके लहान तितका हवेला मिळणारा पृष्ठभाग मोठा. थेंब फारच बारीक झाले तर आग क्षणात आटोपते आणि दाबही वाढतो. फार मोठे राहिले तर ते न जळता खाली पडून जमिनीवर पेटत राहतात. या दोन टोकांच्या मधली जागा साधणे हा अनुभवाचा भाग आहे आणि म्हणूनच हे काम परवानाधारक जाणकारांकडेच असते.

आगीचा रंगही योगायोगाने येत नाही. फेकलेल्या इंधनाच्या ढगाला कडेने हवा मिळते, पण पोटात ती कमी पडते. तिथे इंधनाचे रेणू अर्धवट तुटून कार्बनचे सूक्ष्म कण, म्हणजे काजळी तयार होते. हजार ते चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली ही काजळी पिवळ्या-नारिंगी रंगाने झळकते. प्रेक्षकाला जी ज्वाळा दिसते ती मुख्यतः तापलेली काजळीच असते. थंड झाल्यावर तीच काळा धूर होऊन गोळ्याभोवती वळसे घेते आणि आतल्या नारिंगीला काळी किनार देते. इंधन पूर्ण आणि स्वच्छ जळाले तर ज्योत निळसर आणि फिकी होते, उष्णता अधिक मिळते, पण उन्हात कॅमेऱ्याला ती जेमतेम दिसते. म्हणजे अभियंता एरवी जे टाळण्यासाठी धडपडतो ते अपुरे ज्वलन इथे मुद्दाम साधले जाते. धूर आणखी गडद हवा असेल तर नॅफ्थॅलीन वापरतात, ज्याच्या डांबरगोळ्या आपण कपाटात ठेवतो. उलट कलाकार जवळ असतील किंवा तोच प्रसंग अनेकदा घ्यायचा असेल, तर प्रोपेन वायू पसंत केला जातो. त्याचा धूर कमी असतो, झडप बंद केली की पुरवठा थांबतो आणि जमिनीवर जळते इंधन मागे राहत नाही.

गोळा किती मोठा होईल याचा अंदाज औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासातून मिळतो. इंधनाच्या टाक्या फुटून होणाऱ्या अग्निगोळ्यांसाठी वापरात असलेले एक सूत्र असे: इंधनाच्या किलोग्रॅममधल्या वस्तुमानाचे घनमूळ काढून त्याला ५.८ ने गुणले की व्यास मीटरमध्ये येतो, आणि ०.४५ ने गुणले की आयुष्य सेकंदांत. ‘स्पेक्टर’चे केरोसीन पावणेसात टनांच्या आसपास होते, त्याचे घनमूळ सुमारे १९. यावरून व्यास ११० मीटर आणि कालावधी साडेआठ सेकंद येतो. मोरोक्कोतला स्फोट एकाच जागी नव्हता, तो इमारतींच्या रांगेतून ओळीने पेटत गेला, तरीही नोंदलेला काळ सूत्राच्या इतका जवळ यावा ही मौजेची गोष्ट आहे. या घनमुळाचा निर्मात्याच्या खिशाशी थेट संबंध आहे: गोळा दुप्पट मोठा हवा असेल तर इंधन आठपट लागते. त्यामुळे एका अवाढव्य गोळ्याऐवजी अनेक मध्यम गोळे काही दशांश सेकंदांच्या अंतराने पेटवून आग धावत गेल्याचा भास निर्माण करणे किफायतशीर ठरते.

आगीने प्रकाश मिळाला, पण स्फोटात वस्तू उडाल्या पाहिजेत, आणि आगीच्या त्या मऊ लोटाने काहीच उडत नाही. ते काम बहुधा दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन करतो. टाकीत वायू भरून ठेवायचा, पुढे रुंद तोंडाची नळी, मध्ये अत्यंत वेगाने उघडणारी झडप. नळीत जे भरले जाते ते जवळून पाहिले तर हसू यावे. दगड म्हणून बुचाचे रंगवलेले तुकडे, फुटलेले वासे म्हणून बाल्सासारखे हलक्या वजनाचे लाकूड, विटकर म्हणून फोम, आणि धुळीसाठी मुलतानी माती. तीच, जी घरोघरी चेहऱ्याला लावली जाते. तिचे कण इतके बारीक असतात की ती हवेत बराच वेळ तरंगते, मागून प्रकाश सोडला तर ढगाला भरीवपणा येतो, आणि तिला आग लागत नाही. हा शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा, कारण पीठ किंवा लाकडाचा भुसा यांची धूळ हवेत उडवून जवळ ज्वाळा पेटवली तर ढगच पेट घेतो. पिठाच्या गिरण्यांमध्ये असे अपघात झालेले आहेत.

मोटारीचा स्फोट याहून फसवा असतो. उडवायच्या गाडीतून इंधनाची टाकी आणि बॅटरी आधी काढून टाकली जाते, काचा सुरक्षित प्रकारच्या बसवतात किंवा नसतातच, बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्या ढिल्या करतात आणि पत्रा जिथे फाटावा असे वाटते तिथे आधीच कापून कमकुवत करतात. म्हणजे गाडी कुठे आणि कशी फुटणार हे कारागिराने करवतीने ठरवलेले असते. खऱ्या अपघातात गाडीची टाकी अशी धडाक्याने सहसा फुटत नाही, ती गळते आणि गाडी जळत राहते.

नायक स्फोटाकडे पाठ करून सावकाश चालत येतो, हे दृश्य लांब पल्ल्याच्या भिंगाची किमया आहे. कॅमेरा दूर ठेवून अरुंद कोनातून पाहिले की मागचे आणि पुढचे यांतले अंतर डोळ्याला कळेनासे होते आणि साठ-सत्तर मीटरवरचा गोळा खांद्याला चिकटलेला भासतो. इथे खरी मर्यादा दाबाची नसून साध्या उष्णता-किरणांची असते. अंतर दुप्पट केले की त्वचेवर पडणारी उष्णता साधारण चौथाई होते, म्हणून कलाकाराला चार पावले पुढे उभे करण्याने फारसे साधत नाही, दुप्पट दूर नेण्याने मात्र बरेच साधते.

मोठी इमारत उडवायची तर लहान प्रतिकृती करायची, हा जुना उपाय. पण तो केवळ आकाराचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. वीस मीटर उंचीवरून सुटलेला कठड्याचा तुकडा जमिनीवर यायला सुमारे दोन सेकंद घेतो. पंचविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीत तोच तुकडा ८० सेंटिमीटर पडतो आणि ०.४ सेकंदांत खाली येतो. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे पंचविसाव्या हिश्श्याला वेग पाचपट दिसतो, आणि प्रेक्षकाला हे खेळणे आहे हे तत्क्षणी समजते. म्हणून चित्रण सेकंदाला १२० फ्रेमने करून नेहमीच्या २४ ने दाखवतात. तुकड्यांची अडचण अशी सुटते, ज्वाळेची सुटत नाही. गुरुत्वाकर्षणाला वर्गमुळाचा नियम लागू होतो, पण ज्वाळेतल्या लहानात लहान भोवऱ्यांचा आकार हवेच्या चिकटपणावर आणि उष्णता पसरण्याच्या वेगावर ठरतो, आणि प्रतिकृती लहान केली म्हणून हवा काही पातळ होत नाही. लहान आगीच्या जिभा नेहमी घराच्या मानाने फार मोठ्या आणि गुळगुळीत दिसतात. याच कारणासाठी चांगली प्रतिकृती चांगली प्रशस्त असते आणि आगीत तिचा खर्च वाढला तरी ती लहान करण्याचा मोह तंत्रज्ञ टाळतात.

आगीचा आणखी एक हट्ट आहे: ती वर जाते. बाराशे अंशांना तापलेला वायू भोवतालच्या हवेच्या पाचव्या हिश्श्याएवढाच जड असतो, त्यामुळे गोळा उसळतो, कडा आत वळतात आणि कवकछत्रीसारखा आकार तयार होतो. १९९६ च्या ‘इंडिपेंडन्स डे’ या चित्रपटात शहराच्या रस्त्यातून आगीची आडवी भिंत धावत येताना दाखवायची होती. आडव्या रस्त्यात आग लावली असती तर ती छपरांवरून आकाशात निघून गेली असती. पथकाने अख्खा रस्ताच उभा केला. इमारती भिंतीतून बाहेर आल्यासारख्या आडव्या, कॅमेरा वरच्या टोकाला खाली तोंड करून, आणि आग तळाशी पेटवलेली. धुराड्यातून चढावी तशी ती रस्त्यातून कॅमेऱ्याकडे चढत आली आणि अधिक वेगाने टिपलेले ते चित्रण पडद्यावर आडवे दिसले. या चित्रपटाच्या दृश्य परिणामांना ऑस्कर मिळाले त्यातले एक मानकरी जो व्हिस्कोसिल यांनी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्येही प्रतिकृती उडवल्या होत्या. तिथे प्रश्न उलटा होता: अवकाशात वर आणि खाली नसते, त्यामुळे स्फोट छत्रीसारखा उसळता कामा नये. त्यासाठी प्रतिकृती वर आणि कॅमेरा तिच्या खाली, आकाशाकडे तोंड करून ठेवायचा. मग गोळ्याचे वर जाणे कॅमेऱ्यापासून सरळ दूर जाणे ठरते, ते दिसत नाही, आणि तुकडे चारी बाजूंनी सारखे पसरताना दिसतात. भौतिकीचा नियम मोडता येत नाही, पण तो कोणत्या दिशेने पाहायचा हे ठरवता येते, आणि या दोन प्रसंगांत तेवढ्यानेच काम भागले. माझ्या मते या कलेतले सर्वांत देखणे डोके इथे चाललेले आहे.

२०२३ च्या ‘ओपेनहायमर’मध्ये १६ जुलै १९४५ ची ट्रिनिटी अणुचाचणी संगणकीय चित्राऐवजी खऱ्या आगीतून उभी केली गेली. पेट्रोल, प्रोपेन, बंदुकीची दारू यांच्या जोडीला ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची भुकटी वापरली, कारण धातूची भुकटी पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक तापमानाला जळते आणि नारिंगी काजळीऐवजी डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश देते. अणुस्फोटाची पहिली खूण तो पांढरा प्रकाशच असतो. तरीही पडद्यावरच्या लोटात पेट्रोलच्या आगीची ओळखीची वळणे जाणकाराला दिसतात, आणि ती टीका मला रास्त वाटते. हजारो टनांची ऊर्जा असलेल्या गोळ्याचा पोत पिंपभर इंधनातून पूर्ण उतरत नाही. मात्र एका बाबतीत तो प्रसंग इतर चित्रपटांहून प्रामाणिक आहे. ओपेनहायमर ज्या खंदकात होते तो स्फोटस्थळापासून १०,००० यार्ड, म्हणजे नऊ किलोमीटरांहून थोडा दूर होता. प्रकाश तिथे तत्क्षणी पोहोचला, आवाजाला सुमारे २७ सेकंद लागले. चित्रपटात प्रकाशानंतर दीर्घ शांतता आहे आणि मग गडगडाट. एरवी पडद्यावर डोंगरापलीकडचा स्फोटही दिसताक्षणी ऐकू येतो, आणि तो आवाज चित्रणस्थळाचा नसतोच. तिथे झालेला आवाज बहुधा एक कोरडा फटका असतो, खोल गडगडाट नंतर ध्वनिमुद्रणात चढवला जातो.

दाब कमी ठेवला म्हणजे धोका संपला असे मुळीच नाही. २३ जुलै १९८२ च्या पहाटे कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात कमी उंचीवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या अगदी जवळ मॉर्टर उडाले. उडालेले तुकडे आणि उष्णता यांनी शेपटाकडच्या पंख्याच्या पात्यांचे नुकसान झाले, हेलिकॉप्टर कोसळले आणि त्याखाली अभिनेता व्हिक मॉरो आणि दोन बालकलाकार मरण पावले. त्या मुलांना रात्री कामावर आणणेच तिथल्या कामगार कायद्याविरुद्ध होते. स्फोट ठरल्याप्रमाणेच झाला होता. चुकले ते अंतर.

भारतात स्फोटके १८८४ च्या कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली येतात, पेट्रोलियमसाठी १९३४ चा कायदा आहे, आणि दोहोंची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे मुख्यालय नागपूरला आहे. म्हणजे पडद्यावरच्या स्फोटाचे दोन्ही घटक, उधळणारी दारू आणि जळणारे इंधन, एकाच कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. प्रत्यक्ष सेटवर सर्व प्रभार, म्हणजे स्फोटकांचे गठ्ठे, विजेने पेटवले जातात. पेटवणाऱ्या बारीक तारेला अनवधानाने प्रवाह मिळू नये म्हणून जोडणीच्या क्षणापर्यंत तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली ठेवतात, आणि वॉकी-टॉकी किंवा मोबाइलच्या लहरींनी लांब तारांमध्ये प्रवाह निर्माण होण्याची शक्यता असल्यामुळे ते बंद करायला लावतात. नियंत्रणपेटीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते. उडवून झाल्यावरही, न पेटलेला एखादा प्रभार मागे राहिला आहे का हे त्याने पाहून येईपर्यंत दिग्दर्शकालाही पुढे जाण्याची मुभा नसते.

संगणकाने यातले बरेच काम आता आपल्याकडे घेतले आहे, तरी खरी आग पूर्णपणे हद्दपार झालेली नाही. एक कारण प्रकाशाचे: जवळ आग पेटली की चेहऱ्यावर, भिंतीवर, पाण्याच्या डबक्यात तिचा लालसर उजेड थरथरत पडतो आणि तो नंतर घालणे जिकिरीचे असते. दुसरे कारण गणिताचे. संगणक जागेचे लहान चौकोनी घन पाडून प्रत्येकात वायूचा वेग, तापमान आणि दाब यांची समीकरणे सोडवतो. घनापेक्षा लहान भोवरे त्याला दिसतच नाहीत, आणि घनाची बाजू निम्मी केली तर घनांची संख्या आठपट होते. त्यामुळे अनेक ठिकाणी मधला मार्ग निघाला आहे. काळोख्या रात्री मोकळ्या माळावर आगीचे गोळे पेटवून त्यांचे चित्रण साठवून ठेवतात आणि हव्या त्या दृश्यावर चढवतात. आग स्वतः प्रकाश देते, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरचे तिचे चित्र मूळ दृश्यात नुसते मिळवले तरी चालते, काळा भाग शून्य असल्याने आपोआप नाहीसा होतो. धुराचे तसे नाही. तो प्रकाश देत नाही, अडवतो, त्यामुळे मागचे दृश्य कुठे आणि किती झाकायचे याचा वेगळा हिशोब ठेवावा लागतो, आणि स्फोट उसना चिकटवलेला वाटतो तेव्हा दोष बहुधा आगीत नसून तिच्या मागून येणाऱ्या धुरात सापडतो.